त्रुटी

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, गाळा सात.
इथे बारा महिने वीस अंश.
बाहेर मे महिना डांबर वितळवत असतो
आणि मी स्वेटर घालून
दुसऱ्यांच्या चुका मोजत असतो.

इथे काटे येतात, दवाखान्यांचे दाबमापक येतात,
एकदा दानपेटीतली नाणी मोजणारं यंत्र आलं होतं.
तिने आणलेलं मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं:
ॲल्युमिनियमची पट्टी, दोन टोकांना दोन डोळे,
पट्टीवर छापलेलं: अंतर सहाशे मिलिमीटर.
गोळी पहिल्या डोळ्यावरून गेली की घड्याळ सुरू,
दुसऱ्यावरून गेली की बंद.
"सातशे एकोणचाळीस मायक्रोसेकंद," ती म्हणाली,
रिक्षाला किती वेळ लागेल ते सांगावं तसं.

रेहाना मुकादम, राहणार कौसा.
नौपाड्यात दातांच्या कवळ्या बनवते.
(दाढ केसभर उंच झाली तरी माणूस जेवत नाही, म्हणे.)
रविवारी तळोज्यापलीकडच्या बंद खाणीत
पालथी पडून, नऊशे मीटरवरच्या
ताटाएवढ्या लोखंडावर नेम धरते.

"यंत्र वेग सांगतं आठशे बारा.
त्या हिशेबाने गोळी मधोमध लागायला हवी.
लागते अर्धी वीत खाली, काठाला.
वारा बघितला, श्वास बघितला, बोट बघितलं."
मग तिने वही काढली.
तीन वर्षांचे रविवार. तारीख, तापमान,
वारा खाडीकडून की डोंगराकडून,
आणि दर पानाच्या कडेला पेन्सिलीने तेच:
एक क्लिक वर. कारण माहीत नाही.

मी आधी घड्याळ तपासलं. स्फटिक शहाण्यासारखा ठोके देत होता.
मग ट्यूबलाइट बंद करून पाहिली,
तिच्या लुकलुकण्याने असले डोळे फसतात.
फसले नव्हते.
संध्याकाळी सहाला, शिर्सेकर शटर ओढायला उठला तेव्हा,
उगाच पट्टीच मोजली.
जिच्यावर आकडा छापलेला असतो
तिला कोण मोजतं?

पाचशे सत्त्याण्णव.
आधीच्या कुणा मालकाने दुसरा डोळा काढून
शेजारी नवं भोक पाडून बसवला होता.
तीन मिलिमीटर. तांदळाची कणी.
तिचा खरा वेग आठशे आठ.

जुन्या ज्योतिषात त्रुटी हे काळाचं माप:
कमळाच्या पाकळीतून सुई आरपार जायला लागतो तेवढा वेळ.
तोच शब्द पुढे चुकीसाठी कसा आला,
कुणी आणला, मला ठाऊक नाही.
मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.
तिच्या यंत्राची त्रुटी
एका त्रुटीचा साधारण आठवा हिस्सा.
सुई पाकळीला नुसती टेकते, तोवर.

प्रमाणपत्रात हे लिहिता येत नाही.
तिथे रकाना असतो: कमी-जास्त किती.
मी भरला, शिक्का मारला, साडेआठशे घेतले.
ती म्हणाली, "म्हणजे वही बरोबर होती."
आणि हे सांगताना तिचा चेहरा
एखाद्या नातेवाइकाबद्दल उशिरा काही कळावं तसा.

पुढच्या रविवारी मी खाणीत गेलो, कोटाशिवाय, स्टॉपवॉच घेऊन.
यंत्र सुधारलेलं, हिशेब नवा.
ती आडवी झाली. खडीवरून उन्हाची वाफ हलत होती.
चाप.
गोळीला दीड सेकंद,
परतणाऱ्या आवाजाला अडीच आणि वर थोडं.
त्या चार सेकंदांत कुणीच काही बोलत नाही,
खाणीच्या राखणदाराचं कुत्रंसुद्धा.
मग आवाज आला. चिरका, काठाचा.
या वेळी वरच्या काठाचा.

तिने दुर्बिणीच्या चकतीकडे पाहिलं.
बोटांनी आपणहून एक क्लिक चढवला होता.

ती हसली नाही, रागावली नाही.
क्लिक उतरवला, दुसरी गोळी भरली.
मी स्टॉपवॉच दाबलं: चार पूर्णांक एक,
माझ्या अंगठ्याचा उशीर धरून.
टण्ण.
मधोमध लागलं की आवाज गोल असतो,
हे मला त्या दिवशी कळलं.

वहीत तिने कडेला लिहिलं,
क्लिक काढला. बोट ऐकत नाही.